रात्री दोन वाजता गल्ली मोजा

ताई,
आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुन्या गोदामाची जागा आहे. तिथे ११० घरांची इमारत येते आहे. त्यातली ३५ घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ठरलेल्या दरात, सोडत काढून द्यायची आहेत. रेल्वे स्टेशन चालत सहा मिनिटांवर, म्हणून पार्किंग फक्त ४० गाड्यांचं ठेवलं आहे. आमच्या रहिवासी संघाने हरकत घ्यायचं ठरवलं आहे: ‘एक घर, एक पार्किंग, नाहीतर परवानगी नको.’ संघाचे सचिव माझे यजमान आणि सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे. अडचण अशी, की त्या ३५ घरांसाठी माझ्या धाकट्या बहिणीनेही अर्ज भरला आहे. ती नर्स आहे, पाळ्यांमध्ये काम करते आणि सध्या फार लांब भाड्याने राहते. तिच्या अर्जाचं सासरी अजून कोणाला माहीत नाही. इकडे सासऱ्यांचे गुडघे गेलेत आणि आत्ताच गाडी दारापाशी लावायला मिळत नाही. रविवारी बैठक आहे. सही करू की नको?
– दोन्हीकडून ओढली जाणारी

सही करू नका. निदान आत्ता फिरतोय त्या कागदावर तरी नको. पण म्हणून यजमानांशी वाकड्यातही शिरू नका. त्यांची तक्रार खोटी नाही, तिचा पत्ता चुकला आहे.

आधी त्यांच्या बाजूचं बोलते. अशा वादात गाडीवाल्यांना सरसकट स्वार्थी ठरवून मोकळं व्हायची हल्ली पद्धत पडली आहे, आणि तिने आजवर एकाचंही मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. स्टेशनजवळ राहणारे गाडी ठेवतच नाहीत, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २०१२ च्या सुमारास बस-ट्रामच्या रस्त्यांवर अजिबात पार्किंग नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या आणि शेजारी खवळले. महापालिकेने त्या इमारतींमधल्या रहिवाशांची पाहणी केली, तर ७२ टक्के लोकांकडे गाडी निघाली. त्यातल्या बहुतेकांच्या गाड्या आसपासच्या रस्त्यांवर उभ्या राहत होत्या. पुढच्याच वर्षी, ३० पेक्षा जास्त घरं असलेल्या इमारतींना तिथे पुन्हा पार्किंग सक्तीचं झालं. म्हणजे ‘गाड्या येतील’ असं यजमानांना वाटतं ते बरोबरच आहे.

आता दोन गोष्टी बघायच्या. आणखी ७० जागा बांधायला लावल्या तर त्याचा खर्च कोणाच्या माथी बसेल? आणि तो खर्च करूनही तुमची गल्ली मोकळी होईल का?

खर्चाचं आधी घेऊ, कारण बैठकीत यावर कोणीच बोलत नाही. गाडी उभी राहायला अडीच बाय पाच मीटर पुरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण ती तिथवर पोचायला हवी, वळायला हवी, वर-खाली करायला रॅम्प हवा, मध्ये खांब येतात. हे सगळं धरलं की एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. एका छोट्या कुटुंबाचं छोटं घर साधारण एवढ्यातच बसतं. तुम्ही प्लॉटचं माप लिहिलेलं नाही, तेव्हा हिशोबापुरतं २,००० चौरस मीटर धरू. कडेने जागा सोडून तळघराला १,८०० मिळाले, तर एका मजल्यात साठ-पासष्ट गाड्या मावतात. चाळीस आरामात बसतील. एकशे दहा म्हटलं की दुसरं तळघर आलंच.

दुसरं तळघर पहिल्याइतक्याच पैशांत होत नाही. जितकं खोल जाल तितक्या बाजूची माती धरून ठेवणाऱ्या भिंती जाड, खोदलेली माती उचलायचा खर्च जास्त, आणि खाली पाणी लागलं तर उपसा सुरू. मग वॉटरप्रूफिंग, हवा खेळती ठेवणारे पंखे, आग लागली तर धूर बाहेर काढायची सोय, वेगळा जिना. पाण्याचा पंप तर इमारत उभी असेपर्यंत चालवायचा. त्याचं वीजबिल दर महिन्याच्या देखभालीत येतं, तुमच्याकडे गाडी असो वा नसो. (एक गंमत सांगते. अशा इमारतींमध्ये खांबांमधलं अंतर बरेचदा खालच्या गाड्यांच्या मापाने ठरतं आणि वरच्या घरांच्या भिंती त्या खांबांशी जुळवून घेतात. एखाद्या नव्या घरात पलंगाच्या डोक्याशीच खांब का आला, याचं उत्तर पुष्कळदा तळघरात सापडतं.)

हा वाढीव खर्च बिल्डर बाजारभावाच्या ७५ घरांवर टाकून बघेल. काही निघेल, काही निघणार नाही, कारण गिऱ्हाईकही कुठेतरी थांबतं. ३५ घरांवर मात्र त्याला एक पैसाही टाकता येत नाही, त्यांचा दर ठरलेला आहे. मग तो काय करेल? प्रकल्प परवडत नाही म्हणून नवा नकाशा आणेल आणि त्यात ३५ ची २० झालेली असतील. किंवा जागा आणखी दहा वर्षं तशीच पडून राहील. ‘एक घर, एक पार्किंग’ या मागणीत गरिबांची घरं काढून टाका असं कुठेही लिहिलेलं नाही. पण कात्री फिरते ती तिथेच, कारण कापायला सोपं तेवढंच असतं.

आणि हा प्रयोग नवा नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराने १९६१ मध्ये प्रत्येक नव्या घरामागे एक पार्किंग सक्तीचं केलं, जवळजवळ तुमच्या संघाच्याच शब्दांत. नियमाआधीच्या आणि नंतरच्या इमारती ताडून पाहिल्या, तर घरामागचा बांधकामखर्च १८ टक्क्यांनी चढला होता आणि तेवढ्याच जमिनीवर बसणारी घरं ३० टक्क्यांनी घटली होती.

हे सगळं मान्य करूनही यजमान म्हणतील, ठीक आहे, घरं थोडी महाग झाली, पण आमची गल्ली तर सुटली! इथे मला घरची गोष्ट सांगावी लागते. आमच्याकडे दुसरी गाडी आली ती कोणाला गरज होती म्हणून नाही. इमारतीत खाली आमच्या नावाची दुसरी जागा रिकामी होती आणि मुलगा म्हणाला, ‘आई, जागा तर आहेच.’ वर्षभरात त्या गाडीवर इतकी धूळ बसली की शेजारच्या पोरांनी तिच्या काचेवर फुलीगोळा खेळून ठेवला. पण गाडी आहे म्हटल्यावर ती काढली जातेच. कोपऱ्यावर जायलाही काढली जाते, आणि मग कोपऱ्यावर जागा शोधत फिरते.

ही नुसती माझ्या घरची खोड असती तर मी सदरात लिहिली नसती. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ठरलेल्या दराची घरं तुमच्यासारखीच सोडतीने मिळतात. अर्ज इतके येतात की माणसं मिळेल त्या सोडतीत नाव घालतात, आणि कोणाला पार्किंगवाली इमारत मिळते, कोणाला बिनपार्किंगची, हे नशिबावर जातं. गाडी आवडणारे एकीकडे आणि न आवडणारे दुसरीकडे, अशी वाटणी तिथे होत नाही. तिथल्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये नेमकं हेच धरून हिशोब मांडला. घरटी एक तरी पार्किंग असलेल्या इमारतींमध्ये गाड्या असण्याचं प्रमाण, अजिबात पार्किंग नसलेल्या इमारतींच्या दुपटीहून जास्त निघालं. माणसं एकाच तऱ्हेची, चिठ्ठी तेवढी वेगळी निघाली. आणि पार्किंग न मिळालेल्यांच्या नोकऱ्या हुकल्या, असंही काही दिसलं नाही.

तेव्हा दुसरं तळघर बांधलं की रस्त्यावरच्या गाड्या उचलून तिकडे जातील, हे गणित तितकं सरळ नाही. तळघराने काही गाड्या नव्याने जन्माला येतात. आणि त्या सहा मिनिटांवरच्या स्टेशनला चालत जात नाहीत, सकाळी नऊ वाजता तुमच्याच गल्लीच्या तोंडातून बाहेर पडतात.

मग पोर्टलंडचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. तिथे पार्किंग नसूनही ७२ टक्क्यांकडे गाड्या राहिल्याच ना? माझ्या मते त्याचं कारण इमारतीत नव्हतं, बाहेर होतं. रस्त्यावर जागा मिळत होती, बहुतेक ठिकाणी फुकट. इमारतीतलं पार्किंग काढलं आणि बाहेरचा रस्ता मात्र ‘ज्याने आधी लावली त्याचा’ असाच ठेवला, तर भांडण फक्त फाटकाबाहेर येतं. तुमच्या संघाने ज्या दारावर टकटक करायला हवी ते दार हे आहे. रस्त्याचा नियम कोण करणार, कधी करणार, इमारतीत पहिलं कुटुंब राहायला यायच्या आधी की नंतर?

जपानने हे दार फार लवकर ठोठावलं. १९६२ पासून तिथे असा कायदा आहे की गाडी घ्यायची तर ती ठेवायला स्वतःची जागा आहे, असा पोलिसांचा दाखला आधी आणायचा. आज ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. त्यामुळे छोट्या इमारतीला पार्किंग नसलं तरी शेजाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही, कारण नव्या भाडेकरूची गाडी रात्रभर गल्लीत उभी राहण्याचा मार्गच बंद केलेला आहे. लंडनमध्ये निराळी युक्ती आहे. अनेक नव्या इमारतींना परवानगी देतानाच करारात लिहून घेतात की इथल्या रहिवाशांना रस्त्यावरच्या पार्किंगचा परवाना मिळणार नाही. अपंग व्यक्तींचा अपवाद ठेवतात. घर घेणाऱ्याला हे आधीच कळतं. ज्याला गाडीशिवाय चालणार नाही तो दुसरीकडे घर बघतो, आणि शेजाऱ्यांना पाच वर्षं खिडकीत उभं राहून पहारा करावा लागत नाही.

लंडनचंच आणखी एक सांगण्यासारखं आहे. २००४ मध्ये तिथे ‘किमान इतकं पार्किंग हवंच’ हा नियम जाऊन ‘जास्तीत जास्त इतकंच’ असा आला. नव्या घरांमागचं पार्किंग सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं. पुढे अभ्यासकांनी खोलात जाऊन पाहिलं, तर ही घट जवळजवळ सगळी किमान सक्ती उठल्यामुळे झालेली होती, वरच्या मर्यादेमुळे नव्हे. म्हणजे इतकी वर्षं ते पार्किंग गिऱ्हाईक मागत होतं म्हणून बांधलं जात नव्हतं, नियम होता म्हणून बांधलं जात होतं. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरानेही भरपूर बस-रेल्वे असलेल्या भागांत सक्ती सैल केली. पुढच्या पाच वर्षांतले ८६८ प्रकल्प तपासले, तर जुन्या नियमाने लागल्या असत्या त्यापेक्षा ४० टक्के कमी, म्हणजे सुमारे १८,००० जागा कमी बांधल्या गेल्या होत्या. वाचलेला खर्च ५३ कोटी डॉलरच्या वर. आणि कॅलिफोर्नियाने तर २०२३ पासून राज्यभर, मोठ्या स्टेशनपासून अर्ध्या मैलाच्या आत, काही अपवाद सोडून ही सक्तीच काढून टाकली. अर्धा मैल म्हणजे ८०० मीटर. तुमची सहा मिनिटं त्याच्या बरीच आत येतात.

आता सासरे. त्यांच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण सगळ्या पत्रात मला तीच महत्त्वाची वाटली. ‘आत्ताच’ गाडी दारापाशी लावायला मिळत नाही, असं तुम्ही म्हणता. आत्ता तर तिथे गोदाम आहे! इमारतीचा पायासुद्धा खणलेला नाही. मग दारात गाड्या कोणाच्या असतात?

याचं उत्तर शोधायला तुम्हाला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. एक वही आणि एक टॉर्च पुरे. आठवड्यातल्या साध्या दिवशी, सुट्टी-सण नसताना, रात्री दोन वाजता गल्लीत एक चक्कर मारा. नियमाने गाडी लावता येईल अशा जागा किती, त्यातल्या भरलेल्या किती, फाटकं आणि वळणं अडवून उभ्या किती, एवढंच लिहा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तेच पुन्हा. रात्रीच्या गाड्या गल्लीच्या असतात. सकाळच्या गाड्यांमध्ये, स्टेशन इतकं जवळ असेल तर, लांबून येऊन तुमच्या दारात गाडी ठेवून रेल्वे पकडणारे बरेच सापडतील. ते निघाले, तर सासऱ्यांची अडचण त्या ११० घरांनी सुटणारही नाही आणि वाढणारही नाही. तिच्यावर उपाय रहिवासी परवान्याचा आहे, म्हणजे गल्लीत गाडी लावायची मुभा परवाना असलेल्या रहिवाशांनाच, आणि तो उद्याही मागता येतो.

मोजताना फाटकांच्या आतही नजर टाका. आम्ही आमच्या गल्लीत हे केलं तेव्हा सगळ्यात मोठा शोध तोच होता. गाडीसाठी बांधलेल्या जागेत जुनं कपाट, गुंडाळलेल्या गाद्या, मुलं मोठी झाली तरी न दिलेल्या सायकली, एके ठिकाणी तर सबंध दिवाणखान्याचं फर्निचर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेलं. आणि मालकांची गाडी बाहेर, रस्त्यावर. त्या मालकांपैकी एकजण पार्किंग समितीवर होते. (ते मी होते असं कोणी म्हणत असेल, तर फर्निचर माझ्या जावेचं होतं.)

रात्रीच मोजायचं, हेही हवेतून आलेलं नाही. सिअॅटल ज्या किंग काउंटीत आहे तिथे दोनशेहून जास्त इमारतींची पार्किंगं अशीच, माणसं झोपलेली असताना, मोजली. घरटी सरासरी १.४ जागा बांधलेल्या आणि गाड्या उभ्या १.० जागेवर. बाकीच्या जागांमध्ये दिवे जळत होते.

सासऱ्यांसाठी आणखी एक करा, बैठकीची वाट न बघता. अपंगत्वाचा किंवा चालण्यातल्या अडचणीचा वैद्यकीय दाखला घेऊन, दारासमोर आखीव राखीव जागा मिळते का याचा अर्ज स्थानिक कार्यालयात द्या. ती मिळाली तर त्यांचा प्रश्न एका पांढऱ्या पट्ट्याने सुटेल. आणि असे सासरे त्या नव्या इमारतीतही असणार, हे विसरू नका. लंडनच्या २०२१ च्या आराखड्यात, बाकी पार्किंग शून्य असलं तरी, सुरुवातीपासूनच ३ टक्के घरांसाठी अपंगांची राखीव जागा तयार असली पाहिजे आणि पुढे गरज पडल्यास आणखी ७ टक्के घरांसाठी ती कशी करता येईल हे दाखवलं पाहिजे, असं आहे. ११० घरांना हे लावलं तर पहिल्या दिवशी ४ जागा, आणि गरजेप्रमाणे एकूण ११ पर्यंत. तुमच्या इमारतीतल्या ४० पैकी अशा किती, आणि त्या कोणाला विकल्या जाणार नाहीत याची हमी काय, हे विचारणं ही खरी हरकत आहे.

इथून बहिणीकडे येते. परवडणाऱ्या घरांना पार्किंग कशाला, त्यांच्याकडे कुठे गाड्या असतात, असं बिल्डरच्या बाजूने कोणीतरी बोलेल. त्याला तिथल्या तिथे अडवा. पाळीत काम करणाऱ्या माणसाला गाडी चैनीसाठी लागत नाही. पाळी कागदावर दहाला संपते, पण पुढच्या नर्सला एकेक रुग्ण समजावून देईपर्यंत साडेदहा होतात, आणि शेवटची रेल्वेगाडी तोवर निघून गेलेली असू शकते. स्टेशन सहा मिनिटांवर आहे, हे दिवसा खरं असतं. रात्री ते वेळापत्रकावर असतं, मधल्या रस्त्याच्या दिव्यांवर असतं, पदपथ सलग आहे की नाही यावर असतं. म्हणून शेवटची आणि पहिली गाडी किती वाजता, हे बैठकीत कागदावर घेऊन जा. स्टेशनजवळची इमारत म्हणून पार्किंग कमी करायचं, तर स्टेशन त्या माणसांच्या कामाच्या वेळेला उघडं हवं.

म्हणूनच ४० हा आकडा कमी की जास्त यापेक्षा ते ४० कोणाच्या हातात जातात, याकडे मी जास्त बघेन. बिल्डरने ते बाजारभावाच्या मोठ्या घरांबरोबर विकून टाकले तर पहिल्याच आठवड्यात संपतील, आणि ३५ कुटुंबांना एकही मिळणार नाही. घर वेगळं, पार्किंगची जागा वेगळी, अशी व्यवस्था मागा. जागा विकायच्या नाहीत, महिन्याच्या भाड्याने द्यायच्या. ज्याला लागेल त्याने घ्यायची, गरज संपली की सोडायची. रात्रपाळीवाल्यांना आणि अपंगांना पहिला हक्क. चार-पाच जागांवर सगळ्यांनी मिळून वापरायच्या भाड्याच्या गाड्या ठेवता आल्या तर आणखी चांगलं. ज्याला महिन्यातून दोनदा गाडी लागते तो मग स्वतःची घेत नाही.

आणखी एका ठिकाणी बिल्डरला धरा. पार्किंग कमी झालं म्हणून घर आपोआप स्वस्त होतं, हा गैरसमज आहे. पहिल्यांदा खर्च वाचतो तो बिल्डरचा. तो कुठे गेला, हे विचारायची वेळ परवानगीच्या आधीची असते, नंतरची नाही. दुसरं तळघर वाचलं, तर ३५ ची ४२ घरं का होत नाहीत? आणि ठरलेला दर किती वर्षं राहणार? पहिल्या मालकाने पाच वर्षांनी बाजारभावाने विकून टाकलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता तुमच्या हातातला कागद. तो फाडू नका, बदला. मी लिहिला असता तर साधारण असा:

“आमचा इमारतीला विरोध नाही. पहिल्या घराचा ताबा देण्याआधी आमच्या गल्लीत रहिवासी परवान्याची पद्धत सुरू व्हावी आणि नव्या इमारतीला तिचे नियम आधीच लेखी कळवावेत. चाळीस जागा घरांबरोबर विकू नयेत, गरजेनुसार भाड्याने द्याव्यात, त्यात अपंगांसाठीच्या जागा वेगळ्या दाखवाव्यात. कमी पार्किंगमुळे वाचलेल्या खर्चाच्या बदल्यात ठरलेल्या दराच्या घरांची संख्या वाढवावी आणि तो दर किती वर्षं टिकेल हे परवानगीतच नमूद करावं. सामान उतरवायला, रुग्णवाहिकेला आणि घरपोच वस्तू आणणाऱ्यांना थांबायला इमारतीच्या आवारातच जागा असावी.”

शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल, पण नव्या इमारतीचा रोजचा जाच बऱ्याचदा तिथून सुरू होतो. मधोमध थांबलेला टेम्पो आणि मागे वाजणारे हॉर्न.

या कागदावर तुम्ही सही करू शकता, यजमानही करू शकतात. पण त्याआधी एक करावंच लागेल, आणि त्यात मी तुम्हाला सूट देणार नाही. बहिणीच्या अर्जाचं यजमानांना आजच सांगा. बैठकीत दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते कळलं तर तुमचा कागद कितीही शहाणा असला तरी त्याची किंमत शून्य, आणि सचिवांची त्याहून कमी. बैठकीतही बोलायला उभ्या राहिलात की पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘माझ्या बहिणीने इथे अर्ज केला आहे, हे लक्षात ठेवून माझं ऐका.’ सह्या गोळा करायचं काम दुसऱ्या कोणाकडे सोपवा. सोडतीत तिचं नाव निघेलच असं नाही, बहुधा निघणार नाही. ३५ घरांना अर्ज किती येतात ते तुम्ही बघालच. नाव निघालं नाही तरी गल्लीत तुम्हाला राहायचं आहे.

यजमानांना टक्केवारी सांगू नका. मी वर इतकी सांगितली ती तुमच्या धीरासाठी. त्यांना रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन बरोबर न्या आणि वही त्यांच्याच हातात द्या. सचिव आहेत, आकडे स्वतः लिहिलेले असले की त्यांना जास्त पटतील.

आणि जमलं तर रविवारच्या आत बहिणीला एक फोन करा. सबंध पत्रात तुम्ही तिची नोकरी सांगितलीत, तिची पाळी सांगितलीत, ती लांब राहते हे सांगितलंत. तिच्याकडे गाडी आहे की नाही, आणि ते घर मिळालं तर ती ठेवणार की विकणार, हे मात्र कुठेच नाही.